क्लच जड झालाय

१ सप्टेंबर, रविवार
सकाळी घाटात जाऊन आलो. गाडी झकास. क्लच मात्र जड लागतोय. गॅरेजला फोन करणे.

वरच्या पार्किंगमध्ये आज फक्त ओगुरा आणि मी. एकेकाळी रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळायची नाही. सगळी आमच्यासारखी वेडी माणसं, बॉनेट उघडून उभी. आता कुणी वारलं, कुणाच्या मुलाने गाडी विकायला लावली. आम्ही दोघे उरलो होतो. आणि आज ओगुरा आला तो पांढऱ्या हायब्रिडमधून! आपली हिरवी गाडी त्याने विकून टाकली, मला एका शब्दाने न सांगता. म्हणाला, अरे मोगी, कंबर गेली माझी, इतकं खाली वाकून बसवत नाही.

नवी गाडी स्वतः ब्रेक लावते. स्वतः पार्क होते. आत एक बाई बोलते. बराच वेळ चालवताय, थोडी विश्रांती घेता का, असं विचारते. ओगुरा तिला थँक्यू म्हणतो. मी स्वतः ऐकलं.

याला काय गाडी म्हणायचं? हा भाताचा कुकर. बटण दाबा आणि गप्प बसा, झालं की गाणं वाजेल. माझ्या गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही, काही नाही. रस्त्यावरचा खडासुद्धा तळहाताला कळतो. आपण चुकलो की गाडी तिथल्या तिथे सुनावते. असं खरं बोलणारं माणूससुद्धा हल्ली मिळत नाही.

संकल्प: २० ऑक्टोबरला, लग्नाच्या वाढदिवसाला, नेहमीसारखं तळ्यापर्यंत जायचं. फुमिएला घेऊन. म्हणजे तिचा फोटो घेऊन. या हिवाळ्यात ती जाऊन दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी जमलं नाही, गुडघा जरा दुखत होता.

५ सप्टेंबर, गुरुवार
गॅरेजवाला म्हणतो क्लच ठणठणीत आहे, मागच्या वर्षीच तर बदललाय. म्हटलं, पुन्हा बदल.

८ सप्टेंबर, रविवार
नवा क्लच. हाही जड! हल्ली पार्टचा दर्जाच राहिलेला नाही. ओगुराला सांगितलं तर तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच्याशी आठवडाभर बोलायचं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार
ओगुराशी बोललो. दुसरं कोण आहे?

१६ सप्टेंबर, सोमवार
वृद्धांच्या सन्मानाची सुट्टी. सन्मान करायला कानाए ताकासाकीहून आली. मुलगी माझी, पण गाडीच्या बाबतीत परकी. लायसन्स काढलं तेही फक्त ऑटोमॅटिकचं. माझी गाडी तिला कायद्यानेच चालवता येत नाही. याचं मला इतकं वाईट वाटतं की मी ते कधी बोलून दाखवत नाही.

भेट म्हणून तिने काय आणलं? म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी गाडीला लावायचं ते चार रंगांच्या पानांचं चिन्ह. मॅग्नेटवालं. मला विचारलंही नाही, थेट बॉनेटवर लावायला गेली. चिन्ह घरंगळून खाली! माझं बॉनेट अॅल्युमिनियमचं, लोहचुंबक चिकटेलच कसं? मी म्हटलं, बघ, गाडीलाही मान्य नाही. ती म्हणाली, बाबा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. चिन्ह मी फ्रिजला लावलं. तिथे छान दिसतं.

जेवताना तिने लायसन्सचा विषय काढलाच. तुमच्या वयाचे लोक आपणहून पोलीस स्टेशनात जाऊन परत करतात, बसचं तिकीट स्वस्त मिळतं, वगैरे. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्याने ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबून दुकानाच्या काचेत गाडी घातली, तेही सांगून झालं. मी शांतपणे समजावलं की अशा चुका ऑटोमॅटिकमध्ये होतात. तिथे पायांना काम नसतं, मग पाय भलते उद्योग करतात. माझ्या गाडीत ते शक्यच नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
आज फुमिएच्या कबरीवर. कानाएच्या गाडीने. येताना म्हटलं मी चालवतो. ती नको म्हणत होती, पण स्वतःच्या बापाला किती वेळा नको म्हणणार.

सिग्नल जवळ आला. मी सवयीने डाव्या पायाने क्लच दाबला. त्या गाडीत क्लच नाही, हे कुणाच्या लक्षात राहणार? तिथे ब्रेक होता. पूर्ण दाबला गेला. मागच्या सीटवरचा ओहागीचा डबा उडाला. गोड भाताचे गोळे काचेवर, गिअरवर, कानाएच्या केसांत. तिने केसांतला भात काढला. मग म्हणाली, बाबा, मागे कुणी असतं तर?

मागे कुणी नव्हतं. आणि चूक गाडीची. जिथे क्लच असायला हवा तिथे ब्रेक ठेवायचाच कशाला?

२८ सप्टेंबर, शनिवार
गाडी आतून साफ केली. डावीकडच्या खणात माहितीपुस्तकाच्या मागे गोळ्यांची चंदेरी पट्टी सापडली. फुमिएच्या. खोकल्याच्या असणार, घसा नाजूक होता तिचा. टाकून द्यावीशी वाटली नाही, परत तिथेच ठेवली.

या गाडीवर तिने माझ्याइतकंच प्रेम केलं. तळ्याला जायच्या दिवशी सकाळपासून दोन-तीनदा विचारायची, नक्की किती वाजता निघायचं? एवढी उत्सुकता! न्याहारीसुद्धा करायची नाही. घाट सुरू झाला की डोळे मिटून, दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून बसायची. एकदा मी विचारलं, झोपलीस का? म्हणाली, नाही हो, इंजिन ऐकतेय.

ओगुराची बायको त्याच्या गाडीत मागच्या सीटवर विणकाम करायची. मी ओगुराला म्हणायचो, नशीब लागतं बाबा. वर पोचल्यावर मी तळलेले वाकासागी मासे खायचो, दोघांचे. तिचं खाणं मुळातच कमी.

कानाएला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईला खरं म्हणजे... मी म्हटलं, ठेवतो, आंघोळीचं पाणी निवतंय.

३ ऑक्टोबर, गुरुवार
लायसन्ससाठी स्मरणशक्तीची परीक्षा दिली. आधी चित्रं दाखवतात, मग मधेच भलतं काम देतात आणि नंतर विचारतात काय काय होतं. पास! सगळं आठवतं मला. ताबडतोब कानाएला कळवलं. ती म्हणाली, अभिनंदन, पण गुडघ्याची परीक्षा कोण घेणार?

६ ऑक्टोबर, रविवार
क्लचचा उलगडा झाला. बुटांचा दोष. पातळ तळाचे नवे बूट घेतले. शेडमध्ये गाडी उभी ठेवूनच क्लच दाबायचा सराव केला. बराच फरक. मग जिना चढताना डावा पाय उचलेना. जिन्यांना हल्ली उंची फार ठेवतात. हे घर मीच बांधून घेतलं, तेव्हा लक्षात आलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
तालीम. पहिल्या वळणांनंतरच्या चहाच्या दुकानापासून परत फिरलो. धुकं होतं. ओगुरा म्हणतो धुकं नव्हतं. त्याच्या गाडीतल्या बाईने सांगितलं असेल.

तो म्हणाला, वीस तारखेला माझ्या गाडीतून जाऊ, फुमिएवहिनींना मागे आरामात बसवू. मी म्हटलं, तिला कुकरमध्ये बसवू? तिला इंजिन लागतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं, मी निदान तुझ्या मागून येतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार
उद्या. गाडी पुसली. पेट्रोल भरलं. फोटोची काच पुसली. गुडघ्याला पट्टी, दोन. काही काळजी नाही.

२० ऑक्टोबर, रविवार
फुमिएला डावीकडे बसवलं, पट्टा लावला. निघालो. हवा स्वच्छ, पानं लाल झालेली. पहिली वळणं अशी घेतली की मी परत चाळिशीचा झालो. चाकाखालचा ओला पाला हातांना कळत होता. मी मोठ्याने म्हटलंही, ऐकतेस ना?

तळ्याच्या अलीकडच्या उभ्या वळणावर गिअर उतरवायचा होता. क्लच दाबला. म्हणजे दाबायचं ठरवलं. पाय गेलाच नाही. गुडघ्यातून सगळं बळ निघून गेलं, आणि मी नुसता पायाकडे बघत बसलो. गिअर करकरले, इंजिन बंद, गाडी मागे घसरायला लागली. हँडब्रेक ओढेपर्यंत मागचं चाक रस्त्याकडेच्या गटारात. फोटो पालथा पडला.

पानं बघायला आलेल्या गाड्यांची रांग मागे लागली. कुणी हॉर्न वाजवला नाही. लोक उतरले, वाकून नमस्कार केला, आजोबा तुम्ही आतच बसा म्हणाले आणि गाडी ढकलून वर काढली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओगुरा मागे होताच. त्याने आपली गाडी कडेला लावली आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. तो कण्हत, कंबर धरून माझ्या जागेवर बसला. मी फोटो मांडीवर घेऊन डावीकडे बसलो.

या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो.

उतरताना ओगुरा हळूच चालवत होता. तरी तिसऱ्या वळणाला पोटात ढवळायला लागलं. डावीकडून रस्ता दिसत नाही, नुसती दरी दिसते. हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली काही नाही. वळण कधी येणार, कळत नाही. धरायला फक्त दाराचं हँडल. मी ते दोन्ही हातांनी धरलं. डोळे आपोआप मिटले.

मळमळ थांबेना. रुमाल शोधायला खण उघडला तर ती गोळ्यांची पट्टी. ओगुराला थांबायला सांगितलं. माझा वाचायचा चष्मा घरी. त्याने पट्टी उलटी करून वाचली. गाडी लागण्यावर. प्रवासाआधी अर्धा तास घेणे.

नक्की किती वाजता निघायचं, हे ती का विचारत होती ते तेव्हा कळलं. ओगुरा म्हणाला, अरे, आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला वाटलं तुलाही असेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार
कानाएला फोन केला. विचारलं. ती रडली, मग म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, बाबा. एकदा मी आईला म्हटलं होतं, नको ना जाऊस, घरी राहा. तर म्हणाली, मी शेजारी असले की ते वळणावर जरा तरी दम धरतात. एकटे गेले तर परत येतील की नाही, हा घोर घरी बसून कोण लावून घेणार?

मी दम वगैरे धरत नव्हतो. मी नेहमीसारखाच चालवायचो.

नाही. धरत होतो. तिला इंजिन नीट ऐकू यावं म्हणून.

आज जेवलो नाही. फोटोपुढे भात ठेवला. एवढी वर्षं ती माझ्या हातभर अंतरावर बसली होती, फुमिए, आणि मला रस्त्यावरचा खडा कळत होता.

६ नोव्हेंबर, बुधवार
पोलीस स्टेशनात जाऊन लायसन्स दिलं. नुकतीच परीक्षा पास झालेलं. खिडकीतल्या मुलीने खाली वाकून, इतकी वर्षं सांभाळून चालवल्याबद्दल आभार मानले. बदल्यात एक कार्ड मिळालं, हुबेहूब लायसन्ससारखं. त्याच्यावर फोटोही आहे. चालवता तेवढं येत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
गाडी गेली. नागोयाहून एक जोडपं आलं. नवरा बॉनेटमध्ये डोकं घालून भान विसरला. मला म्हणाला, आजोबा, हल्लीच्या गाड्यांत जीवच नसतो हो. एरवी मी त्याला दुपारपर्यंत सोडलं नसतं. आज मी त्याच्या बायकोजवळ गेलो आणि विचारलं, तुम्हाला गाडी लागते का? तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, नाही हो, मला आवडतं.

मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्या घाटात तू डावीकडे बस, हिला चालवू दे. तो हसला, म्हणाला, तिचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आहे. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. गोळ्यांची पट्टी मात्र मी काढून घेतली होती.

घराच्या कोपऱ्यावर त्याने गिअर बदलला तो सहज, गुळगुळीत. क्लच अजिबात जड नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार
बसने तळ्याला गेलो. स्वस्त तिकीट. न्याहारी केली नाही. निघायच्या अर्धा तास आधी तिची एक गोळी घेतली. मुदत कधीच संपलेली होती. फोटो पिशवीत.

घाट सुरू झाल्यावर समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. त्या उभ्या वळणावर शेजारच्या बाईंनी दंडाला हात लावला. आजोबा, कसंतरी होतंय का?

म्हटलं, नाही हो, इंजिन ऐकतोय.

बाई जवळ वाकल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, आजोबा, ही बस बॅटरीवर चालते. आणि पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.