नीताताईंचं पाचवं रेकॉर्डिंग

रविवार, २ फेब्रुवारी

रोजनिशी लिहिण्याचा मला मनापासून कंटाळा आहे. पण आता लिहिणं भाग आहे. ज्येष्ठ नागरिक संघात दर रविवारी सकाळी दहाला होणारा ‘गेला आठवडा’ हा कार्यक्रम आजपासून माझ्याकडे आला. आठवडा सांगायचा तर तो आधी टिपलेला हवा. अडुसष्टाव्या वर्षी आठवणीवर विसंबणाऱ्यांतली मी नाही.

साताऱ्याहून नवीन पनवेलला येऊन बारा दिवस झाले. मुलगा विश्वजीत न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात आहे, सून अनुष्का खारघरला बँकेत. घर चौथ्या मजल्यावर, हवेशीर, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. मला ते आवडलं. रिकामं बसणं आवडलं नाही. संघाचे अध्यक्ष कृष्णकांतराव भेटायला आले होते. बी. ए. मराठी, एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, एवढं ऐकल्यावर त्यांनी चहा संपायच्या आत कार्यक्रम माझ्या गळ्यात घातला.

काम सोपं आहे. ज्यांना पेपर वाचवत नाही, टीव्ही नीट ऐकू येत नाही, अशा चाळीसेक म्हाताऱ्यांना आठवड्यातली नवी गाणी, मालिकांत काय घडलं आणि बातम्या तासाभरात सांगायच्या. अकरा वर्षं हे काम नीता पोंक्षे नावाच्या बाई करत होत्या. डिसेंबरअखेर त्या वारल्या.

माझा पहिला कार्यक्रम नीटनेटका झाला. चौदा बातम्या, तीन मालिका, दोन गाणी, सगळं तारीखवार. टाळ्या पडल्या नाहीत. इथे तशी पद्धत नसावी.

रविवार, ९ फेब्रुवारी

पद्धत आहे. फक्त ती नीताताईंसाठी होती.

मालिकेतल्या धाकट्या बहिणीची स्मृती तिसऱ्यांदा गेली, हे मी एका वाक्यात सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, स्मृती गेली तेव्हा साडी कुठली नेसली होती? मी म्हटलं, मी पाहिलं नाही. ते शेजारच्याला म्हणाले की नीताताईंनी काठ-पदरासकट सांगितलं असतं. गाण्याचे शब्द मी स्पष्ट वाचून दाखवले, तर कळलं की नीताताई म्हणून दाखवायच्या. बातमी सांगितली की विचारतात, मग त्या माणसाची बायको काय म्हणाली?

सगळ्यांवर कडी केली ती चहा करणाऱ्या गंगाबाईने. कप गोळा करताना म्हणाली, “ताई बोलायच्या तवा समद्यांचा चा गार व्हायचा. तुमच्या टायमाला कप लगेच मोकळे. माजं काम लवकर आटपतं, आमी खूश हाय.”

मेलेल्या बाईचा मत्सर करणं हास्यास्पद आहे हे मला कळतं. कळून तो कमी होत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खतीजाबींकडे गेले होते. त्या संघात पहिल्या रांगेत बसतात. साखरेमुळे दोन्ही डोळे गेलेत. नीताताईंची ही सख्खी मैत्रीण, म्हणून मुद्दाम गेले. त्या बाईत असं होतं तरी काय, ते मला जाणून घ्यायचं होतं.

खतीजाबींनी सांगितलं की शेवटच्या दिवसांत नीताताईंनी दवाखान्यातून पाच रेकॉर्डिंग पाठवली आणि माझ्यानंतर लाव म्हणाल्या. खतीजाबींचं ती लावायचं धाडस झालेलं नाही. ती अजून आहेत का, हे बघायला त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

होती. पाचही मी माझ्या मोबाइलवर पाठवली. मग त्यांच्या मोबाइलमधून पुसली.

का, ते लिहून ठेवते. ती कोणी संघात लावली असती, तर माझी गरजच उरली नसती.

त्यांनी विचारलं, “हायत ना, बाई?” मी आहेत म्हटलं.

घरी येऊन पहिलं ऐकलं. तारीख अठ्ठावीस डिसेंबर. आवाज घोगरा, पण आत काहीतरी हसत असल्यासारखा. कुकरच्या शिट्ट्यांच्या तालावरचं एक गाणं म्हटलंय. गुरुवारी उरण रस्त्यावर द्राक्षांचा ट्रेलर उलटला, ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला आणि त्याने आधी चपला शोधल्या, असंही सांगितलंय. जुन्या बातम्या. मला उपयोग नाही. सांगण्याची ढब तेवढी घेण्यासारखी आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल उरण रस्त्यावर द्राक्षांचा ट्रेलर उलटला. विश्वजीत त्या कोंडीतच अडकला होता. जेवताना सांगत होता, ड्रायव्हरला काही झालं नाही, अनवाणी फिरून चपला शोधत होता.

शिट्ट्यांचं गाणं सकाळी अनुष्काने लावलं. आजच आलंय म्हणाली.

रविवार, १६ फेब्रुवारी

नीताताईंचं पहिलं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द सांगितलं. शिट्ट्याही वाजवल्या. चाळीस माणसं हसली, दोघी रडल्या. गंगाबाईचा चहा गार झाला.

हे बरोबर नाही. पण आठवडा तोच होता. खोटं मी काही सांगितलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुसरं. टीव्ही मी आता लावतच नाही. सोमवारी ऐकते आणि शनिवारपर्यंत सगळं तसंच घडतं. कृष्णकांतराव म्हणाले की नीताताईंची उणीव भासत नाही. हे वाक्य दिवसभर पुरलं.

खतीजाबी मात्र हसत नाहीत. मान तिरकी करून ऐकतात.

रविवार, ९ मार्च

चौथं झालं. उठून टाळ्या. मला त्यांचा आनंद व्हायला हवा होता. पण टाळ्या वाजवताना लोक माझ्याकडे बघत नव्हते, डोळे मिटून घेत होते.

सोमवार, १० मार्च

पाचवं ऐकलं. त्यात गाणं नाही, मालिका नाही. बराच वेळ नुसता श्वास. मग,

“या आठवड्याची बातमी एकच. साताऱ्याहून आलेल्या बाई गेल्या”

आणि संपलं.

मराठी मी एकतीस वर्षं शिकवलंय. गेल्या म्हणजे मेल्या असंच काही नाही. गावी गेल्या, काम सोडून गेल्या, असंही होतं. खरं तर चौथ्या रेकॉर्डिंगमधल्या मालिकेत नटीने काम सोडलं, म्हणून तिच्या पात्राला ट्रकखाली घालावं लागलं. पण ते टीव्हीवर.

विश्वजीतला सांगितलं, मला साताऱ्याला सोड. तो शनिवारी दुपारी नेतो म्हणाला. त्याआधी सुट्टी नाही. म्हणजे मी जाईन. गेल्या होईन. बातमी खरी होईल आणि मी जिवंत राहीन.

बुधवार, १२ मार्च

पुन्हा लावलं. रेकॉर्डिंग लांबलंय.

“बाई गेल्या शनिवारी”

हे तर विशेषण आहे. गेल्या शनिवारी, म्हणजे आठ तारखेला. आठ तारीख उलटली, मी बसून लिहिते आहे. किती सोपं. दोन दिवसांनी पोटभर जेवले.

गुरुवार, १३ मार्च

स्वल्पविराम. आवाजात स्वल्पविराम दिसत नाही. बाई गेल्या शनिवारी. बाई गेल्या, शनिवारी. दोन्ही वाचून पाहिलं. मोठ्याने. अनुष्का दारात येऊन बघून गेली.

तिला कसं सांगू — त्यासाठी चोरी सांगावी लागेल.

शुक्रवार, १४ मार्च

खाली मुलं रंग खेळताहेत. इथे खिडकीत बसून लावलं. आणखी लांबलंय.

“बाई गेल्या शनिवारी घेतलेलं परत न देता”

म्हणजे द्यायचं. एवढंच आहे. परत द्यायचं. उद्या सकाळीच.

पुसायचा प्रयत्न केला. पुसलं जात नाही. त्यांच्या मोबाइलमधून एका बोटाने पुसलं होतं —

शनिवार, १५ मार्च

खतीजाबींच्या घरी. त्यांच्यासमोर बसून लिहिते आहे. लेखी हवं. दिलं याचा पुरावा हवा.

सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते जास्त —

म्हणाल्या, “मला त्याच दिशी कळलेलं, बाई. रोज रात्री मोबाइल उशाशी घेऊन निजायची मी. तिचा आवाज गेला तसा तो हलका झाला. नीताची अमानत होती ती. तुमाला आवाज पायजे होता, तर मागायचा. मी दिला असता.”

मी हात जोडले. त्यांना दिसलं नाही. म्हणून पाय धरले. माझे हात फार थंड आहेत म्हणाल्या.

मोबाइलवरून एकेक पाठवते आहे. विश्वजीत खाली गाडीत थांबलाय. हॉर्न देतोय.

खतीजाबींना परत दिलं ते असं —

रेकॉर्डिंग पहिलं. दिलं.

दुसरं. दिलं.

तिसरं. दिलं.

चौथं. दिलं. वाजवून पाहिलं. त्या रडल्या.

पाचवं — चकती नुसती फिरतेय. रेंज आहे. फिरतेय.

खतीजाबी म्हणतात, माझ्याकडे वाजायला लागलं की. म्हणतात, पण हा आवाज नीताचा नाही, बाई, हा तर तुमचा —

मी तोंड उघडलेलं नाही. मी लिहिते आहे. तोंड मिटलेलं —

पाचवं गे