क्रमांक १४३ : साधा चिखल्या

२ नोव्हेंबर

आले एकदाची! ट्यूनिसहून सात तास बस, आणि शेजारणीची कोंबडी अर्धा रस्ता माझ्या पायावर. पण खोलीची खिडकी उघडली आणि सगळा शीण गेला. ओहोटी होती. मैलभर चकाकता चिखल आणि त्यावर हजारो पक्षी. घरमालकीण मबरूका मावशी सत्तरीची आहे, तरी रोज ओहोटीला तिसऱ्या-शिंपले वेचायला जाते. तिचा नवरा सादोक यानेच चाळीस वर्षं खपून या किनाऱ्याची पक्षीयादी केली. गेल्या वर्षी तो अंथरुणातच वारला, आणि यादी तपासून सुधारायचं काम पक्षीमंडळाने माझ्याकडे दिलं. रात्री ऑक्टोपस घातलेला कुसकुस होता. मी दोनदा वाढून घेतला. "शहरात उपाशी ठेवतात वाटतं तुम्हाला," म्हणाली मावशी.

४ नोव्हेंबर

एकूण २८६ जाती. सादोकचं काम नजर लागावी असं आहे. प्रत्येक पक्ष्याची चोच, पाठ, पायांचा रंग, भरती की ओहोटी, कोणी पाहिला, सगळं जागच्या जागी. मला तरी चुका सापडतातच म्हणा. त्याशिवाय मला चैन पडत नाही.

रिधाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, चौतिशीचा घोडा, पण आई गेल्यावर मीच वाढवला म्हणून मला अजून शेंबडाच वाटतो. पहिली दुर्बीण मीच घेऊन दिली, आता भोगते आहे. देशातल्या २९९ जाती त्याच्या पाहून झाल्यात. "ताई, तुझ्या यादीतून एक तरी काढून दे गं, तीनशे पुरे होऊ देत माझे!"

७ नोव्हेंबर

सापडली चूक. क्रमांक १४३, 'साधा चिखल्या. मुबलक. बाराही महिने.' पाठ राखी, पोट पांढरं. पायांच्या रंगाची जागा मात्र कोरी. चिमणीचेसुद्धा पाय लिहिणारा माणूस इथेच कसा विसरला? माझ्या माहितीतल्या एकाही चिखल्याशी हे वर्णन जुळत नाही. आणि मुबलक म्हणे! पाच दिवसांत मला एकही दिसलेला नाही.

जुन्या वह्या काढल्या. चाळीस वर्षांत नोंदी फक्त चार. दीपगृहाचा रखवालदार, शाळामास्तर, एक स्वीडिश पाहुणा आणि सादोकचा स्वतःचा भाऊ मोख्तार. प्रत्येकाने एकदाच पाहिला, आणि त्यानंतर चौघांपैकी कोणाचीही कुठल्याच पक्ष्याची नोंद नाही. हौशी मंडळी. काहीतरी बघितलं, ठोकून दिलं, हौस फिटली.

८ नोव्हेंबर

मावशीला विचारलं. ती म्हणाली, "आहे तो. साधाच आहे. राहू दे की यादीत, तुझं काय खातो?"

मग तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांबरोबर चिखलात गेले. भर दुपार, लख्ख ऊन. मधेच सगळ्याजणी एकदम समुद्राकडे पाठ करून खाली बसल्या आणि टोपल्या डोक्यावर उपड्या घातल्या. मावशीने मलाही दंडाला धरून बसवलं. पाव तास कोणी हललं नाही. नंतर म्हणाली, वारा होता. पण पानही हलत नव्हतं. टोपलीखालून मला कोणीतरी लग्नातलं गाणं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. पुरुषाचा आवाज होता. एखादी होडी असेल.

११ नोव्हेंबर

सुधारलेली यादी मंडळाला धाडली. १४३ ला 'मुबलक' मधून काढून 'अतिदुर्मीळ' मध्ये टाकलं. खाली टीप दिली: 'पुष्टी हवी. पायांचा स्पष्ट फोटो असल्याशिवाय कोणाचीही नोंद स्वीकारू नये.' स्वतःवरच खूश होऊन दोन कप पुदिन्याचा चहा प्यायले.

१२ नोव्हेंबर

रिधाने यादी वाचली. उद्या येतोय. आनंदाने फोनवर नुसता नाचत होता.

मी मावशीला सांगितलं, तर तिने हातातली टोपली खाली ठेवली. मग सगळं बोलली. त्या चौघांपैकी एकही घरी परतला नाही. तो पक्षी माणसापुढे चालत राहतो, पाय चिखलात बुडवून, आणि पाय दिसावेत म्हणून माणूस एकेक पाऊल पुढे जातो. मोख्तार सादोकच्या डोळ्यांदेखत गेला. लग्नातलं ते गाणं मोख्तार येताजाता गुणगुणायचा.

"दुर्मीळ लिहिलं तर लोक धावत येतात. यादीतून काढलं तर कोणीतरी नव्याने शोधून काढतं. साध्या पक्ष्यासाठी कोण येतंय? जन्मात एकदाच खोटं लिहिलं गं त्याने, आणि तू ते दुरुस्त केलंस."

मी विश्वास ठेवलेला नाही. पण रिधाला फोन लावतेय, लागत नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळपासून रिधाचा फोन बंद. अकराला स्वारी दारात हजर. कापडी बूट, आणि डाव्या पायाची लेस नेहमीसारखी सुटलेली. शाळेत असताना बांधायचे तशीच मी वाकून बांधली. त्याने अंडं भरून तळलेल्या चार ब्रीक फस्त केल्या आणि मावशीला हसवायला बघितलं. ती हसली नाही.

मी विनवलं, रागावले, शेवटी म्हटलं की माझी चूक झाली, पक्षी साधाच आहे. "ताई, तू आणि चूक? सूर्य कुठे उगवला आज!" चिखलात टेकलेल्या होड्यांच्या पुढे जाणार नाही, अशी आईची शपथ घातली मी त्याला. घेतली त्याने.

१४ नोव्हेंबर

पाव आणायला गेले होते. दहा मिनिटं. फक्त दहा.

खिडकीतून दिसला. होड्यांच्या खूप पुढे. वाकलेला, कॅमेरा डोळ्याला. एक पाऊल. थांबला. एक पाऊल. त्याच्यापुढे राखी काहीतरी. भरती लागली होती. मी ओरडत धावले, घसा फुटेस्तोवर. त्याने मान वळवली नाही.

होडीवाले चिखलातून जाऊन आले. पावलं एका जागेपर्यंत. फक्त त्याची. पुढे चिखल सपाट.

१६ नोव्हेंबर

मंडळाला कळवलं — १४३ साधा करा, मुबलक करा, माझी चूक. उत्तर आलं की तुमच्याच टिपेप्रमाणे पायांचा फोटो लागेल. रिधाबद्दल दोन ओळी, भरतीचा अपघात, वाईट वाटलं. आणि १४३ बघायला मंडळाचे चौघेजण परवा पोचतायत, त्यांना मदत करावी.

चौघे. त्यातली एक मुलगी तेवीस वर्षांची आहे.

१७ नोव्हेंबर

दुपारी बायका पाठ करून बसल्या. मीही. टोपली डोक्यावर.

गाणं नव्हतं.

शिटी. दोन आखूड. लहानपणी गच्चीवरून मला बोलवायला रिधा वाजवायचा तीच — मी हात चावून धरला. मावशी माझ्या पाठीवर हात ठेवून होती. रक्त आलं तरी मी —

१८ नोव्हेंबर, सकाळ

ते चौघे दुपारच्या बसने येतील.

सुचलं. सादोकसारखंच करायचं. नेहमीचा चिखल्या गाठायचा, चिखलाने माखलेल्या पायांचा फोटो काढायचा आणि लिहायचं, हाच तो १४३, उगाच गाजावाजा झाला. मग कोणी येणार नाही. होड्यांच्या अलीकडे पुष्कळ आहेत. पुढे जायचंच नाही.

मावशीने बूट लपवलेत. अनवाणी निघाले. वही घेतलीय, वेळ लिहावी लागेल.

१०.२० — एक आहे. होड्यांपाशी. नेहमीचाच. पाय बुडालेत. फोटो धूसर.

१०.२६ — धूसर. असा पाठवला तर परत करतील. मीच केला असता.

१०.४० — एक पाऊल फक्त. होड्या — होड्या मागे कधी गेल्या

शिटी. दोन. मागून नाही —

पाणी घोट्याला. दिसतायत आता, पाय वर काढतोय — कापडी बूट — डावी लेस सुटलीय, कधी ऐकलंय त्याने, बांधायला हवी, नाहीतर अडखळून —