धुलाई विभागात मी सगळ्यांचं ऐकून घेते

४ मार्च, मंगळवार
मला समोरच्याचं ऐकून घेता येत नाही, असं आज सल्लागार बाईंनी साहेबांच्या देखत माझ्या तोंडावर सांगितलं. म्हणून ही रोजनिशी. मी किती ऐकून घेते ते रोज इथे लिहीन. कुणाला दाखवायची नाही. पुरावा मला स्वतःलाच हवा आहे.

प्रकरण असं. हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची मी प्रमुख. आमच्याकडे एक नवी लागली आहे, तात्पुरती. वय तिशीच्या पुढे. तिला ऑटिझम आहे. काम नीट करते, पण ड्रायरचा भोंगा वाजला की कान दाबून खाली बसते. तिची 'जॉब कोच', म्हणजे कामात सोबत राहून मदत करणारी, म्हणून साहेबांनी मला नेमलं. त्याचं ट्रेनिंगही झालं; ते सल्लागार बाईंनी दिलं, अशा माणसांना नोकरीत मदत करणाऱ्या संस्थेच्या त्या. त्यात सगळ्यांत जास्त मीच बोलले.

वीस तारखेला आढावा बैठक. तिला कायम करायचं का आणि कुठल्या सोयी चालू ठेवायच्या, ते तेव्हा ठरणार. याआधी तिच्या तीन नोकऱ्या गेल्या. ही गेली तर मी पुन्हा कुठे जाणार नाही, असं ती म्हणाली. आज डबा आणला नाही, हे सांगावं तशा आवाजात.

संकल्प: उद्या तिला बोलू द्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

५ मार्च, बुधवार
तिला विचारलं, तुला काय अडचण आहे. उत्तर देण्याआधी ती फार थांबते. तेवढ्यात मी तीन उत्तरं सुचवली. तिसऱ्याला तिने मान हलवली. यालाच संवाद म्हणतात. मध्ये बोलले म्हणावं तर ती बोलायला लागलीच नव्हती.

७ मार्च, शुक्रवार
सल्लागार बाईंनी तिला गोदामामागची खोली मिळवून दिली आहे. तिथे ती दार लावून चादरींच्या घड्या घालते. कानांवर हेडफोन. दिवसाची कामं फळ्यावर क्रमाने लिहून द्यायची. मला हे सगळे लाड वाटतात. इस्त्रीवाले मामा म्हणाले, बाई, काम होतंय ना, मग दार लावलेलं असलं तर तुमचं काय जातं? मामांची उमर इस्त्रीत गेली. व्यक्तिमत्त्व विकास त्यांना कळायचा नाही.

१० मार्च, सोमवार
सवय लावण्याचा कार्यक्रम सुरू केला. दार किंचित उघडं ठेवलं. सवयीने माणसाला काहीही सहन होतं. मला यांच्या घोरण्याची झालीच ना? घरी हे सांगितलं तर हे म्हणाले, तू तर बाहेरच्या खोलीत झोपतेस. विषय तो नव्हता.
भोंगा वाजल्यावर नवी आज कालच्यापेक्षा लवकर उठली. काल रविवार होता म्हणा. तरी अंदाज असतो.

११ मार्च, मंगळवार
फळा पुसला. जन्मभर कोण लिहून देणार? तोंडी सांगितलं, आधी बाळंतिणींच्या वॉर्डच्या चादरी. मग वाटलं, आधी ऑपरेशन थिएटरच्या. मग पुन्हा काही वेगळं वाटलं. दुपारी पाहते तर एक चादर हातात धरून तशीच उभी. ती म्हणाली, तुम्ही तीनदा सांगितलंत आणि तिन्ही वेळा वेगळं. कुठलं धरू? म्हटलं, शेवटचं. ती म्हणाली, ते शेवटचं आहे हे मला कसं कळणार? उद्धटपणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. उत्तर उद्या देईन.

१३ मार्च, गुरुवार
उत्तर राहिलं. सल्लागार बाई आल्या. पुसलेला फळा बघून त्यांनी स्वतः खडू घेतला. मला म्हणाल्या, तिला काय हवं ते तिलाच विचारा आणि मग गप्प बसा. मी गप्पच असते, हे त्यांना पटवून देईपर्यंत त्यांची बस चुकली.
वीस तारखेला त्यांना परगावी जायचं आहे. जाताना बजावून गेल्या, बैठकीत तिच्या अडचणी तिला तिच्या शब्दांत सांगू द्या. म्हटलं, निश्चिंत राहा.

१५ मार्च, शनिवार
तिचे शब्द तयार करून घ्यायला बसले. मी अशा पुष्कळ बैठका पाहिल्या आहेत. रडगाणं गाणाऱ्याला कुणी कायम करत नाही. उत्तरं छोटी ठेवली. काही अडचण? काही नाही. आवाज? चालतो. मदत? लागत नाही.
ती म्हणाली, पण हे खरं नाही. म्हटलं, बैठकीत खरं-खोटं नसतं, रीत असते. ती विचारात पडली. मग म्हणाली, असं बोलले तर नोकरी राहील? म्हटलं, राहील. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, अगं, नक्की.
मुलीसारखी आहे मला ती. माझी मुलगी फोन उचलत नाही, ही गोष्ट वेगळी.

१८ मार्च, मंगळवार
रंगीत तालीम. मामांना साहेब करून खुर्चीत बसवलं. त्यांना प्रश्न लिहून दिले होते. ते बाजूला ठेवून मामा म्हणाले, काय हवं गं पोरी तुला? ती म्हणाली, दार बंद हवं. मी तिथेच थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मामा उठले, म्हणाले, इस्त्री तापलीय. इस्त्री बंद होती.

२० मार्च, गुरुवार. दुपार
फत्ते. तिन्ही उत्तरं जशीच्या तशी. मी शिकवल्याप्रमाणे साहेबांच्या भुवयांच्या मधोमध बघून. साहेब खूश. तिला कायम केलं.
मग साहेब म्हणाले, मदत लागत नाही हे फारच छान, ती खोली स्टोअरला हवीच होती. सोमवारपासून ही मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसेल. हेडफोनही नकोत. ट्रॉली येते-जाते, ऐकू आलं पाहिजे.
नवीने माझ्याकडे पाहिलं. भुवयांच्या मध्ये नाही, डोळ्यांत.
मी बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण मध्ये तोंड घालायचं नाही हा माझा संकल्प आहे, आणि आज तो मी पूर्णपणे पाळला.

२४ मार्च, सोमवार
हॉलमध्ये चारही ड्रायर आणि प्रत्येकाचा भोंगा वेगळा. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. नवी दुपारपर्यंत घड्यांच्या टेबलाखाली. मामा शेजारी जमिनीवर बसून होते. मी वाकून म्हटलं, पहिला दिवस आहे, होईल सवय. मामा म्हणाले, बाई, जरा गप्प बसा. आजवर मला असं कुणी बोललं नव्हतं. थकलेले असतील.

२५ मार्च, मंगळवार
साहेबांना खोली परत मागितली. ते म्हणाले, अडचण नाही असं तिनेच सांगितलं की, तुमच्यासमोर.

२६ मार्च, बुधवार
उत्तरं मी पाठ करून घेतली होती, हे सांगायला साहेबांकडे गेले. ते फोनवर होते. उभी राहिले. फोन ठेवून म्हणाले, हं, बोला. मी म्हटलं, साबण संपत आलाय. आलाच होता.
उद्या नक्की सांगणार.

२७ मार्च, गुरुवार
साहेब रजेवर. त्याला मी काय करणार?
सल्लागार बाईंचा फोन. विचारलं, आवाज चालतो असं ती म्हणाली? म्हटलं, हो, स्वतःच्या तोंडाने. पलीकडून खट् झालं. लाइन गेली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. लाइन गेली नव्हती, फोन ठेवला होता.
नवी आज आली नाही. कालही अर्ध्या दिवसात गेली होती.

३१ मार्च, सोमवार. सकाळ
यंत्रं सुरू व्हायच्या आधी नवी आली. राजीनामा साहेबांनी घेतला. म्हणाले, सगळं देऊनसुद्धा टिकत नाहीत ही माणसं. मी तिथेच होते.
जिन्यापाशी तिला म्हटलं, दुसरीकडे बघू आपण, मी बोलते कुणाशी तरी. ती म्हणाली, नको. तुम्ही म्हणालात तशी नोकरी राहिली होती. टोमणा नव्हता. तिला टोमणा मारता येत नाही.
घरी काय करशील, विचारलं. ती म्हणाली, काही नाही.

देवघेवीची नोंद. तिच्याकडून मिळालं: गणवेशाचे दोन जोड, धुतलेले. ओळखपत्र एक. कपाटाची किल्ली एक. माझ्याकडून तिला दिलं: या सगळ्याची पोच.