निकालाच्या दिवशी वाचलेलं स्तोत्र

प्रिय आई,

सासूला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, तीही तुम्ही गेल्यावर. आज मतमोजणी हाय. टीव्ही बंद ठेवीन असं प्रभूसमोर कबूल करून बसलेय आणि हात शिवशिवतायत, म्हणून लिहितेय. लय आठवण आली म्हणून नाय. खोटं कशाला बोलू?

चौथीत शाळा सुटली माझी. वाचायची सवय लागली ती बातम्यांखाली पळणाऱ्या पट्टीने. मोठ्याने वाचायची मी. "पुरे गो! पुढाऱ्यांच्या घरचं सगळं ठाऊक तुला, आणि इथं दूध उतू गेलंय," असं तुम्हीच म्हणायचात ना?

तुम्ही डोळ्यांनी अधू, त्यात विधवा. रोज संध्याकाळी एकच मागणं, बायबलातलं एकशे सेहेचाळीस नंबरचं स्तोत्र वाच. माझं एकच उत्तर, थांबा जरा.

मागच्या निकालालाही मागितलंत. "दोन फेऱ्या राहिल्यात आई, लगेच वाचते." फेऱ्या संपल्या तेव्हा तुमचा डोळा लागला होता. सकाळी उठवायला गेले तर तुम्ही नव्हतात. कोण निवडून आला विचाराल? नावही घेववत नाय मला. आला तो नंतर पक्ष बदलून गेला, एवढं सांगते.

फार रडले नाय मी. टीव्ही मात्र वाढला. तुमच्या लेकाशी भांडायची, महाडच्या बाजारात भाजीवालीशी भांडायची. प्रार्थनासभेत तर एकदा "प्रभो, त्या गद्दाराचं वाटोळं कर" असं मागितलं. बाया डोळे उघडून बघायला लागल्या!

मग चर्चच्या पाळकांनी मला शास्त्र वाचायला उभं केलं. पट्टी वाचते तशी मी सुसाट सुटले. ते म्हणाले, "सावकाश, सुशीलाबाई. ही ओळ कुठं पळून जात नाही." सगळ्या हसल्या. राग आला मला. पण घरी येऊन रोज थोडं, बोट ठेवून वाचायला लागले. बोट ओळीवर असलं की मन कमी पळतं.

आज दुपारी शेजारची शेवंता भिंतीपलीकडून ओरडली, "अगो सुशीला, टीव्ही लाव गो! आपला पुढं हाय!" मी म्हटलं, "प्रार्थनेला बसलेय." थाप होती. मग बसावंच लागलं!

तुमचं स्तोत्र काढलं, पहिल्यांदाच. तुमच्या खाटेकडं तोंड करून मोठ्याने वाचलं. त्यात काय निघालं? राज्य करणाऱ्यांवर भिस्त ठेवू नका, श्वास गेला की त्यांचे बेतही त्याच दिवशी मातीत. आई! म्हणजे इतकी वर्षं गोड आवाजात टोमणा मारत होतात होय? सरळ का नाय बोललात?

पण पुढं वाचलं तर आंधळ्यांना, विधवांना देव सांभाळतो असं हाय. तिथं बोट थांबलं. हे माझ्यासाठी मागत होतात, का स्वतःसाठी? आता कोणाला विचारू?

मत द्यायला पुढंही जाईनच, तो हक्क सोडणार नाय. निकालही ऐकीन, उद्या. पण घरातलं माणूस काही मागत असेल, तर टीव्हीतल्या माणसाला गप्प करून आधी उठेन. एवढा शब्द घ्या.

तुमची सून,
सुशीला
पोलादपूर