कुहिया आणि कंपनी, परदेशी शाखा

मॉन्तेरे, मेक्सिको,
इंदेपेन्देन्सिया वस्ती, डोंगरउतार

ति. लेओविहिल्दो काका यांस,

पुतणी एनेइदाचा साष्टांग नमस्कार. (तुमच्या चपलेच्या टप्प्याबाहेरून घालते आहे, म्हणूनच इतक्या निर्भयपणे.) इकडं सर्व क्षेम. तुमचं पित्त कसं आहे? वारं सुटलं की धरणारा उजवा खांदा मोकळा झाला का? बकऱ्या व्याल्या का? तुम्ही चिडून अकॉर्डियनचा भाता आपटलात की त्या दूध चोरतात, हे ध्यानात असू द्या. खरं तर फोनवरच विचारणार होते, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही 'इथं कुणी राहत नाही' असं म्हणून फोन ठेवता. मागच्या खेपेला तर मी क्षणभर खरंच घाबरले, की घर विकलं की काय! म्हणून पत्र. तुम्ही हातात आलेलं काहीही अर्धवट वाचून टाकत नाही, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा, या एका गुणावर माझी सगळी भिस्त आहे. पत्र आणणारा पोरगा आपल्या शेजारच्या उरुमीता गावचा गायक आहे. त्याला कॉफी द्या. रागवायचं ते माझ्यावर रागवा.

आता मुख्य बातमी. बसून वाचा. मला व्हिसा मिळाला! पाहुणीचा नव्हे, इथं राहून स्वतःचं दुकान चालवण्याचा, माझ्या फोटोसकट. (फोटोत दात दिसता कामा नयेत असा नियम आहे. त्या फोटोवाल्यानं चार वेळा सांगितलं आणि पाचव्यांदा हात टेकले.) मी निघाले तेव्हा तुम्ही अंगणात उभं राहून, पलीकडच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला होतात की, बाईनं परमुलखात अकॉर्डियन दुरुस्तीचं दुकान काढणं म्हणजे कोंबडीनं पोहण्याची शाळा काढणं, येईल चार दिवसांत शेपूट घालून. काका, शाळा उघडली आहे. नावं नोंदवायला गर्दी आहे.

पण हे सरळ झालं असं समजू नका. इथले लोक आपली गाणी आपल्यापेक्षा जास्त वाजवतात हे तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्ही 'अफवा' म्हणता, पण आहे खरं). या डोंगरावर घरटी एक अकॉर्डियन, आणि घरटी एक बेसूर. मी खोली घेतली, सुरांच्या पट्ट्या चिकटवायचं मेण वितळवायला ठेवलं आणि आठवडाभरात खाटेवर झोपायला जागा उरली नाही, इतक्या पेट्या आल्या. पहिलं गिऱ्हाईक दॉन कासिमिरो. हा बस दुरुस्तीच्या कारखान्याचा मालक, विधुर, अंगानं पोसलेल्या बैलासारखा आणि स्वभावानं लोण्यासारखा. उभ्या जन्मात कोलंबियाला गेला नाही, पण गायला लागला की आपल्या विल्यानुएवाच्या चौकात वाढल्यासारखा शब्द खातो. त्यानंच मला विचारलं, "बाई, तुमचे कागद काय म्हणतात?" मी म्हटलं, पाहुणी म्हणतात. तो म्हणाला, "मग पाहुणीनं बसून जेवावं. धंदा केलात तर उचलून विमानात बसवतील." माझी मुदत संपत आली होती आणि खाटेवर लोकांच्या बापजाद्यांच्या पेट्या उघड्या पडल्या होत्या. त्या तशाच परत करायच्या आणि तुमच्यासमोर येऊन उभं राहायचं, या विचारानं मला दोन दिवस अन्न गेलं नाही. (तिसऱ्या दिवशी गेलं. इथं रविवारी सगळी गल्ली मांस भाजते, त्या वासापुढं दुःख टिकत नाही.)

मग वकील एलिसोन्दो. दॉन कासिमिरोच्या ओळखीचा, टाय इतका घट्ट की बोलताना डोळे बाहेर यायचे. म्हणाला, परदेशी माणसाला धंद्यासाठी राहायचे मार्ग अनेक आहेत, घाबरू नका. पहिला मार्ग गुंतवणूकदाराचा. माझ्याजवळ किती आहे ते त्यानं विचारलं, मी सांगितलं, त्यावर त्यानं उठून मला प्यायला पाणी दिलं आणि थेट दुसऱ्या मार्गावर आला.

दुसरा मार्ग नोकरीचा. इथल्या कुणीतरी मला कामावर घ्यायचं. दॉन कासिमिरो छातीवर हात मारून तयार. त्याच्या बसच्या कारखान्यात मी 'वाद्यतज्ज्ञ' म्हणून लागणार असा अर्ज गेला. व्हिसाच्या कचेरीतल्या साहेबानं बोलावून विचारलं, बस दुरुस्तीत अकॉर्डियनचा संबंध काय? दॉन कासिमिरोनं भाबडेपणानं उत्तर दिलं, "साहेब, बस वाटेत बंद पडते तेव्हा उतारूंनी करायचं काय?" मला हे उत्तर अजूनही पटतं. साहेबाला पटलं नाही.

तिसरा मार्ग माझा मीच काढला. मी कंपनी स्थापन करते आणि ती कंपनी मला नोकरीवर ठेवते! वकिलानं खिन्नपणे मान हलवली. कंपनीनं माणूस ठेवायचा तर करखात्याचा क्रमांक लागतो, क्रमांकाला मालकाचा रहिवास लागतो, रहिवासाला नोकरीचं पत्र लागतं आणि नोकरीचं पत्र कंपनी देते. म्हणजे कोंबडी आधी की अंडं, आणि दोघांनीही आधी रहिवासाचा दाखला आणायचा.

चौथा मार्ग लग्नाचा. इथं तुम्ही चष्मा पुसाल, पुसा. दॉन कासिमिरो एक दिवस नवा शर्ट घालून आला आणि म्हणाला, कागदापुरतं करून टाकू, मी तुमच्या वाटेत येणार नाही. येताना तो आईला घेऊन आला होता. ऐंशीच्या पुढची बाई, पण नजर अशी की दुधातलं पाणी वेगळं करील. तिनं मला एकच प्रश्न विचारला: "गव्हाच्या तोर्तिया लाटता येतात का?" मी खरं ते सांगितलं, की आम्ही मक्याचे आरेपा थापणारी माणसं. "मग कासिमिरो," ती म्हणाली, "हिला सरकारनं देशाबाहेर काढलं तर आपण मध्ये पडू नये." आणि काका, त्या माणसानं जो सुटकेचा श्वास टाकला, तेवढा वारा आपल्या कुठल्याही भात्यात मावला नसता. आम्ही दोघं त्यानंतर फार चांगले मित्र झालो.

मुदतीचे शेवटचे दिवस. वकिलाकडं शेवटचं म्हणून गेले, तर तो टाय सैल करून बसला होता आणि त्याला सुचलंसुद्धा टाय सैल केल्यावरच. परदेशातल्या कंपनीला इथं शाखा उघडता येते, म्हणाला, आणि ती चालवायला ती कंपनी आपला माणूस पाठवू शकते. "तुमच्या गावाकडं एखादी कंपनी आहे का हो?" मी म्हटलं, कंपनी कसली, काकांचं दुकान आहे, मागं बकऱ्या आहेत. "नोंदणी झालेली आहे का?" झालेली आहे. "मग बकऱ्यांचं नाव काढू नका," तो म्हणाला. "मालक कोण?"

आता काका, पाण्याचा घोट घ्या. आठवा, दुकानाची नोंदणी करायची होती तेव्हा रांगेत उभं राहणं तुमच्या मोठेपणाला शोभत नव्हतं, म्हणून तुम्ही रोस्मिरा काकूंना पाठवलंत. काकू रांगेत उभ्या राहिल्या आणि ज्याची सही त्याचं नाव या न्यायानं दुकान त्यांच्या नावावर लागलं. तुम्हीच तेव्हा हसून सांगत फिरलात, की माझी बायको आता शेटाणी झाली. झाली होतीच. मी शेटाणीला फोन केला (तुम्ही बकऱ्या घेऊन नदीवर गेला होतात), आणि त्यांनी सही करून दिली. वर, कंपनीच्या प्रमुखानं जातीनं हजर राहावं असं इथल्या कचेरीनं कळवलं, तेव्हा त्या हजरही झाल्या. सांता मार्ताला बहिणीचे गुडघे चोळायला गेल्या आहेत असं तुम्हाला सांगून ज्या निघाल्या, त्या इथं. बहिणीचे गुडघे ठणठणीत आहेत.

ती मुलाखत तुम्ही पाहायला हवी होती! समोर अधिकारीणबाई, केस इतके चापून बांधलेले की भुवया कायमच्या आश्चर्यात. शेजारी मी, घामानं चिंब. आणि मधल्या खुर्चीत काकू, देवळातला पोशाख घालून, मांडीवर पर्स, पर्समध्ये वाटेत भूक लागली तर म्हणून चीज. बाईंनी विचारलं, "तुमची कंपनी काय करते?"

"बिघडलेलं दुरुस्त करते," काकू म्हणाल्या. "नवरा सोडून."

"कर्मचारी किती?"

"एक. तोच तो."

"परदेशात शाखा कशासाठी?"

"अहो, इथं येता येता बसमध्ये आमचं गाणं ऐकलं. गाणारा चांगला, पेटी रडकी. आमच्या गावच्या नावानं हे चाललंय आणि आम्ही गप्प बसायचं?"

बाईंनी ओठ दाबले. मग कागद पालटत म्हणाल्या, "या शाखेला तुमच्या यजमानांची संमती आहे का?"

"कंपनी कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग?"

त्यानंतर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी सरळ विचारलं, की एवढ्या लांबच्या कामाला हिलाच का पाठवलंत. काकूंनी मांडीवरची पर्स मिटली आणि हातात घेतली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "माझा नवरा हिच्याशी बोलत नाही. पण दुपारी गाव निजलं की तो दुकानात जाऊन एकच पेटी काढतो आणि वाजवतो. स्वतः सुरात लावलेल्या शंभर आहेत, त्यातली नाही. हिनं लावलेली. रोज. मी भांडी घासायचं थांबवून ऐकते. त्याच्या तोंडून ते कधी निघायचं नाही, म्हणून मी सांगायला आले."

काका, मला हे ठाऊक नव्हतं. तिथं कचेरीत, नंबराची चिठ्ठी हातात धरून, मी लहान पोरीसारखी रडले. अधिकारीणबाईंनी मला कागदी रुमाल दिला आणि त्याच हातानं शिक्का उचलला. खरा व्हिसा मात्र देशाबाहेरच्या वकिलातीतच चिकटवतात (आत यायचं असेल तर आधी बाहेर जा, असा इथला न्याय आहे), म्हणून आम्ही दोघी बसनं ग्वातेमालाला जाऊन आलो. काकूंनी वाटभर सगळ्या उतारूंना सांगितलं की आपण परदेशी कंपनीच्या प्रमुख आहोत. एका म्हाताऱ्यानं तर उठून त्यांना खिडकी दिली.

परतलो तेव्हा दॉन कासिमिरोनं बसचं हॉर्न वाजवत आम्हाला सबंध डोंगरावर मिरवलं. त्याच्या आईनं बकरीचं कोवळं पिल्लू भाजलं होतं. काकू म्हणाल्या, मांस उत्तम, पण काळीज-आतडी वेगळी काढून ठेवता ही उधळपट्टी आहे. आणि चुलीपाशी शिरून त्याच काळीज-आतड्यांचं आपल्याकडचं फ्रिचे करून दाखवलं. म्हातारीनं दोनदा घेतलं. आता त्या दोघी रोज बसतात. एक तोर्तिया लाटते, दुसरी आरेपा थापते, आणि दोघी मिळून जगातल्या पुरुषांविषयी बोलतात. दारावर पाटी लागली आहे: 'कुहिया आणि कंपनी. मुख्य कचेरी विल्यानुएवा, ला ग्वाहिरा.' खाली मी बारीक अक्षरात तुमचंही नाव घातलं आहे. काकूंनी मंजुरी दिली.

तेव्हा काळजी नसावी. कुणाच्याही मदतीवाचून, स्वतःच्या हिमतीवर पुतणी उभी आहे. (काकूंची मदत धरू नका, त्या कंपनी आहेत.)

तुमची आज्ञाधारक,
एनेइदा कुहिया
प्रमुख, परदेशी शाखा

ता. क. काकू खुशाल आहेत. परत कधी येणार ते ठरवलेलं नाही. मक्याचं पीठ फडताळात वरच्या खणात आहे आणि चूल पेटवताना आधी काटक्या, मग लाकूड, असा निरोप आहे.

पुन्हा ता. क. काका, रविवारी दुकानाचं उद्‍घाटन आहे आणि दॉन कासिमिरो त्याच्या वडिलांची पेटी वाजवणार आहे. ती मी उघडली. साफ केली, मेण बदललं, सूर लावले, सगळं तुम्ही शिकवलंत तसं. आता भाता दाबला की गाते आणि ओढला की खालच्या ओळीतला एक सूर गाभण म्हशीसारखा रेकतो. सगळं करून पाहिलं. त्याला अजून सांगितलेलं नाही. तो रोज येऊन दारातून प्रेमानं बघून जातो. विमानाचं तिकीट गायकाच्या खिशात आहे, कॉफी दिल्यावर मागा. तुमची बारीक कानस आणा. रागही आणा, इथं जागा आहे.

शेवटचं. विमानतळावर विचारतील, कशासाठी आलात. 'धंद्यासाठी' असं चुकूनही म्हणू नका, नाहीतर सगळे मार्ग पहिल्यापासून ऐकावे लागतील. 'बायकोला न्यायला आलो' म्हणा. (काकू खांद्यावरून वाचताहेत. म्हणतात, 'न्यायला' खोड आणि 'भेटायला' लिही.)