न ऐकलेला निरोप

९ फेब्रुवारी

फोल्केर्टचे दोन निरोप कमी! सकाळी फोन उघडला तर नाहीत. इस्पितळात गेला त्या दिवशीचे — डॉक्टर पोरसवदा आहे, चहा भिकार आहे, असलं काहीतरी त्याच्या आवाजात. मी पुसले नाहीत. पेटीनं पुसले.

पेटी म्हणजे त्याचा तो छोटा कॉम्प्युटर, तळघरात, कपड्यांच्या मशीनशेजारी. घरातले सगळे निरोप त्यातूनच जायचे, कुठल्या कंपनीकडून नाही. आणि ऐकून चार आठवडे झाले की कायमचे गायब. त्यानंच तसं लावून ठेवलंय. "साठवलंच नाही तर चोरणार काय?" म्हणायचा.

नवऱ्याला पुरलं शुक्रवारी. मला काही वाटत नाही. चहा केला, खडीसाखर टाकली, वरून साय सोडली. प्यायचा राहिला.

१० फेब्रुवारी

आणखी एक गेला.

११ फेब्रुवारी

यॉर्नला बोलावलं. गावच्या सभागृहात गुरुवारचं टेबल तो आणि फोल्केर्ट मिळून चालवायचे — लोक फोन घेऊन येतात, हे त्यातली चोंबडी ॲप काढतात आणि ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशी घालून देतात. म्हटलं, बाबा रे, थांबव ही पेटी.

बराच वेळ तळघरात बसला. वर आला तो मान हलवतच. पासवर्डशिवाय आत शिरता येत नाही. वायर उपटूनही उपयोग नाही, सगळं कुलूपबंद आहे, परत चालू केली की तोच पासवर्ड मागणार. "गेसा, तुला कधी काही बोलला होता का?"

मला? टेबलावर येईल त्याला फोल्केर्टच ऐकवायचा — पासवर्ड लिहायचा नाही, सांगायचा नाही, बायकोलासुद्धा नाही! बायका हसायच्या. मीही हसायचे.

मग यॉर्न म्हणाला, एकच उपाय. एकेक निरोप मोठ्यानं लाव आणि दुसऱ्या फोनवर टेप कर. आपला जुना फोन ठेवून गेला.

१४ फेब्रुवारी

दोन्ही फोन समोर ठेवून बसले. बोट पुढं जाईना. त्याचा आवाज ऐकवत नाही मला. रडू येईल म्हणून नव्हे — येणारच नाही, याची भीती वाटते. आई गेली तेव्हा कशी ढसाढसा रडले होते. आता नुसती लाकडासारखी बसते.

आज तीन गेले.

१५ फेब्रुवारी

एक मात्र आहे. शेवटचा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आला तेव्हा मी बसमध्ये होते. भरल्या बसमध्ये नवऱ्याचा आवाज काय लावायचा! शोभतं का? म्हटलं, दहा मिनिटांत पोचतेच, त्याच्याच तोंडून ऐकीन. पोचले तर त्याला आत नेलेलं. तो बाहेर आलाच नाही.

न ऐकलेल्या निरोपाला पेटी हात लावत नाही. ऐकला की त्याचेही दिवस भरले. म्हणून तो तसाच ठेवलाय. बाकीचे जातील ते जातील, एवढा तरी राहू दे.

१८ फेब्रुवारी

स्वांट्येचा फोन, ग्राट्सहून. पोरगी चिडलीय. "आई, तू करत का नाहीस? बाबाच्या नादानं मीही सगळं सोडून तुमच्या पेटीवर आले. माझ्याकडचेही चाललेत!" तिनंही टेप केलेलं नाही. तिलाही ऐकवत नाही म्हणे.

१९ फेब्रुवारी

टेबलावर गेले. यॉर्ननं ओढत नेलं. फोल्केर्टच्या खुर्चीवर कुणी बसेना, शेवटी मीच बसले.

हार्म्सबाई आल्या, वय ऐंशीच्या पुढं. नकाशाचं असं ॲप हवंय की त्या कुठं जातात ते कुणाला कळू नये. यॉर्ननं विचारलं, या वयात जाता तरी कुठं हो? "ते तुला कळू नये म्हणूनच आलेय," बाई म्हणाल्या. सगळे हसले. मी दोन ॲप काढून दाखवली, एकात अक्षरं मोठी होती, तेच घातलं. नकाशा आधीच उतरवून दिला, म्हणजे वाटेत इंटरनेट लागत नाही. हे सगळं मला येतं हेच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं त्याची बडबड कानावर पडत आली, त्याचं असणार.

घरी आल्यावर पुन्हा तेच. काही नाही.

२३ फेब्रुवारी

चारच उरलेत. पाहते आणि फोन पालथा घालते.

२५ फेब्रुवारी

संपले. त्याच्या नावाखाली तो एकच, न ऐकलेला. यॉर्नचा फोन तसाच टेबलावर आहे. मी काय केलं हे! करायचं एवढंसं होतं.

२७ फेब्रुवारी

आज लावला.

"गेसा, कागद घे. लिहून घे." — फोल्केर्ट म्हणतोय, लिहून घे! मग सहा शब्द. सावकाश, दोनदा. "पेटीचा पासवर्ड आहे. यॉर्नला दे, आजच. पुसणं बंद करायला सांग त्याला. मी नसलो तर माझी बडबड लागेल तुला."

यॉर्नला फोन लावला. सहा शब्द सांगायचे होते, पण रडूच आवरेना.