‘टिटवी’, बाबा आणि तो कप

३ फेब्रुवारी
बाबांची शर्यतीची बोट आजपासून माझ्या ताब्यात. ‘टिटवी’ इतकी वर्षं भावाच्या गॅरेजमध्ये पालथी पडलेली, वर वहिनीचे जुने पडदे. संताप आला. संकल्प: रोज सकाळी सहा ते नऊ स्वतः रंग खरवडायचा. एप्रिलच्या शर्यतीत सुकाणू माझ्या हातात, आणि क्लबच्या फलकावर, ‘टिटवी’ने कप जिंकला त्या वर्षापुढे, विजेत्या कप्तानाच्या जागी बाबांचं नाव. आज तिथे नुसतं ‘टिटवी’ लिहिलंय. बोट काय आपली आपण पळाली?

४ फेब्रुवारी
तळहाताएवढा रंग निघाला. मनगट धरलं. दुपारी झोपले.

५ फेब्रुवारी
खरवडणं हाताचं काम. देखरेख डोक्याचं. सुतार ठेवला.

१९ फेब्रुवारी
सुताराचं स्टूल मोडलं. त्यावर मी बसले होते, पण म्हणून ते मी मोडलं असं होत नाही. त्याला सुनावलं, ज्याला स्टूल धड करता येत नाही त्याने बोटीला हात लावू नये. निघून गेला. ब्याद टळली.

२१ फेब्रुवारी
सुताराकडे गेले. सॉरी म्हटलं नाही. नवं स्टूल दिलं. फरक आहे.

८ मार्च
क्लबात संशोधन. कप जिंकला त्या शर्यतीचा फोटो सापडला. ‘टिटवी’त तिघे दात काढताहेत. बाबा नाहीत. उघड आहे, फोटो बाबांनीच काढला. सेक्रेटरी विचारतो, भर शर्यतीत सुकाणू सोडून धक्क्यावर येऊन? या माणसाला कल्पनाशक्ती शून्य. शर्टाची दोन बटणंही उघडी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी वर्गाबाहेर उभा केला असता.
शेवटी ठरलं: त्या शर्यतीचे पंच अजून आहेत, नव्वदीचे. यंदाच्या शर्यतीला येणार आहेत. ते सांगतील तसं फलकावर लिहायचं. मी जिंकलेच.

२ एप्रिल
‘टिटवी’ पाण्यात. पाणी ‘टिटवी’त. मी किंचाळले नाही. सूचना दिल्या, त्या लांबवर ऐकू गेल्या. सुतार म्हणे, लाकूड फुगलं की फटी मिटतील, दोन दिवस पिऊ द्या तिला. सबबी!

४ एप्रिल
फटी मिटल्या. बोलल्याशिवाय कामं होत नाहीत.

११ एप्रिल
सराव. मी, भाची आणि तिचे दोन मित्र. सुकाणूचा दांडा उजवीकडे ओढला, बोट डावीकडे वळली. उलटा बसवलाय. सुताराला झापलं. भाची म्हणाली, आत्या, ते तसंच असतं. आजकालच्या मुलींना उलटं तेच सुलटं.

१८ एप्रिल, संध्याकाळ
शर्यत झाली.
सकाळी वारा साफ पडलेला. भाची म्हणाली, आत्या, अशा हवेत बोट हलकी हवी, एकाने उतरायला हवं. एकाने म्हणताना तिघंही माझ्याकडेच बघत होते. मी भर धक्क्यावर ठणकावून विचारलं, कप जिंकला तेव्हा आमचे बाबा उतरले होते का?
पंच आजोबा खुर्चीतून म्हणाले, हो, उतरले होते की. तुझ्या बाबांना घ्यायचे ते वजनासाठी. जोराच्या वाऱ्यात बोट कलते, तेव्हा वरच्या काठावर बसायला भारी माणूस लागतो. त्यांच्यासारखा भारी साऱ्या किनाऱ्यावर नव्हता. त्या दिवशी नेमका वारा पडला, म्हणून त्यांना इथेच उतरवलं. तेवढा एकच कप मिळाला बघ, बाळ.
माईक चालू होता.
मी उतरले. स्वतःहून. भाचीने दंड धरला तो आदराने. मी उतरताच ‘टिटवी’ चार बोटं वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते कळलं नाही.
‘टिटवी’ पहिली आली.
सेक्रेटरी जवळ आला. आज बटणं लावलेली. त्याने हळूच विचारलं, बाई, फलकावर बाबांचं नाव कसं लिहू? मी म्हटलं, नंतर बघू, आत्ता मला जागचं हलता येत नाही. बोटीवरच्या तिघांच्या चपला माझ्याकडे होत्या.